अनुदानित शाळेत समुपदेशक नेमायचा, तर त्याचे वेतन कोणत्या लेखाशीर्षातून मिळेल?

पालकसंघ_उपाध्यक्ष यांचा प्रश्न

नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावातील शंभर टक्के अनुदानित माध्यमिक शाळेच्या पालक-शिक्षक संघाचा उपाध्यक्ष आहे. पाचवी ते दहावीचे वर्ग, पट सहाशेच्या थोडा वर, आणि निम्म्याहून अधिक मुले आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून एस.टी.ने येणारी, अशी आमची शाळा आहे. शाळेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा ठराव संघाच्या सभेत एकमताने झाला आहे.

ठरावामागचे कारण थोडक्यात सांगतो. नववीतली एक मुलगी चाचणीच्या दिवशी सकाळी पोट दुखते म्हणून घरी थांबत असे. वर्गशिक्षिकेला वाटे की अभ्यास झालेला नसेल, घरच्यांना वाटे की पित्त असेल, आणि दवाखान्यातून आणलेल्या पित्ताच्या गोळ्या कित्येक आठवडे चालू होत्या. शेवटी त्याच बाईंनी एका मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून घेतले, तेव्हा कळले की चाचणीच्या आदल्या रात्री तिला झोपच लागत नाही आणि प्रश्नपत्रिका हातात आली की बोटे इतकी थरथरतात की पेन धरता येत नाही. बाईंनी जे केले ते मनापासून केले. पण पुढे काय करायचे, मुलीला कोणाकडे पाठवायचे, घरच्यांशी कोणत्या शब्दांत बोलायचे, हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षा करणेही रास्त नाही.

ठराव घेऊन आम्ही प्रथम संस्थाचालकांकडे गेलो. वेतनेतर अनुदानात विजेचे बिल आणि किरकोळ दुरुस्ती यांचाच मेळ बसत नाही, त्यामुळे संस्थेला हा खर्च पेलणार नाही, असे त्यांनी सांगितले, आणि ते खरेही आहे. त्यानंतर शिक्षण विभागाच्या कार्यालयात गेलो असता, संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार शाळेला मंजूर होणाऱ्या पदांच्या यादीत, असे पदच नाही, आपण देणगीदार पाहावा, असे तोंडी उत्तर मिळाले. देणगीदार मिळाला तरी एक वर्ष मिळेल, दोन वर्षे मिळेल. तिसऱ्या वर्षी त्याने हात आखडता घेतला, तर ज्या मुलांनी त्या व्यक्तीजवळ मन मोकळे केले असेल, त्यांनी काय करायचे?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात जे १५ निर्देश दिले, त्यांत शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे स्पष्ट म्हटले आहे. आमची शाळा त्या व्याख्येत सरळ बसते. मग हे पद शासनाच्या कोणत्या निधीतून मंजूर होऊ शकते, त्यासाठी प्रस्ताव कोणाकडे व कसा पाठवावा, आणि अन्य कोणत्या जिल्ह्यात किंवा राज्यात अशी व्यवस्था प्रत्यक्ष उभी राहिली आहे काय, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

निवृत्त_लेखाधिकारी यांचे उत्तर

महोदय, आपला प्रश्न नेमका आहे. शाळेत समुपदेशक असावा याबद्दल आजकाल सगळेच बोलतात. त्याचे वेतन कोणत्या लेखाशीर्षाखाली निघेल हे विचारणारे मोजके. माझी सेवा जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात गेली, त्यामुळे मी पैशांच्या बाजूनेच लिहितो.

अनुदानित शाळेचे वेतन शालार्थ या शासनाच्या वेतन प्रणालीतून निघते आणि ते फक्त मंजूर पदावरील कर्मचाऱ्याचे निघते. पद मंजूर व्हायचे तर ते संचमान्यतेच्या निकषांत असावे लागते, आणि त्या पदाची अर्हता १९८१ च्या खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती नियमावलीत असावी लागते. मुख्याध्यापक, शिक्षक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, लिपिक, शिपाई या पदांभोवती ती सगळी रचना उभी आहे. समुपदेशक तीत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतही कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्या अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे, पण समुपदेशकाचे नाव नाही. म्हणजे कार्यालयातून आपल्याला मिळालेले उत्तर नियमाला धरून होते. मात्र देणगीदार पाहण्याचा सल्ला त्या उत्तराचा भाग असायला नको होता.

आता जे निधी सर्वसाधारणपणे सुचवले जातात, ते एकेक तपासू. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला पटानुसार संयुक्त शाळा अनुदान मिळते. २५१ ते १००० पटाच्या शाळेसाठी ते वर्षाला ७५ हजार रुपये ठरलेले आहे, ते मुख्यत्वे शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी आहे, आणि मिळाले तरी त्यातून एका माणसाचे तीन महिन्यांचेही वेतन निघत नाही. ग्रामपंचायतीला १५ व्या वित्त आयोगातून आलेला अबंधित (ठरावीक कामाशी न बांधलेला) निधी शिक्षणावर खर्च करता येतो, परंतु वेतन व आस्थापना खर्चाला त्यातून मनाई आहे. जिल्हा वार्षिक योजनेतील नावीन्यपूर्ण योजनेतून जिल्हा नियोजन समिती एखादा प्रायोगिक उपक्रम मंजूर करू शकते. मात्र पालकमंत्री बदलले किंवा जिल्हाधिकारी बदलले की प्राधान्यक्रम बदलतो, म्हणून आवर्ती खर्चासाठी त्याचा भरवसा धरता येत नाही.

आरोग्य खात्याकडे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. हा कार्यक्रम देशात १९९६ मध्ये सुरू झाला आणि पुढे शाळांमधील जीवनकौशल्य शिक्षण व समुपदेशनाचाही त्यात समावेश करण्यात आला. केंद्र सरकारच्या निकषांनुसार एका जिल्ह्याला वर्षाला कमाल ८३.२ लाख रुपये मिळू शकतात. राज्याच्या ३६ जिल्ह्यांना ही रक्कम पूर्णच्या पूर्ण मिळाली असे धरले, तरी एकूण ३० कोटींच्या आत आकडा येतो. त्यातूनच मानसोपचारतज्ज्ञांपासून परिचारिकांपर्यंतच्या पथकाचे मानधन, औषधे, प्रशिक्षण आणि जनजागृती भागवायची असते. शाळांच्या वाट्याला त्या पथकाची वर्षातून एखादी भेट आली तरी पुष्कळ.

या सगळ्याची बेरीज केल्यावर माझे मत असे झाले आहे की शाळाशाळांनी आपापल्या पातळीवर निधी शोधण्यात शक्ती घालवू नये. राज्याने पदनिर्मितीच करावी. प्रत्येक शाळेला एक पद आज मिळणार नाही, हे मान्य करू. पण राज्यात ४,८६० शैक्षणिक केंद्रे, म्हणजे आसपासच्या शाळांचे प्रशासकीय गट, आहेत. समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांचा प्रश्न वर्षानुवर्षे कंत्राटी मानधनावर लोंबकळत होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ मध्ये राज्याने याच केंद्रांच्या पातळीवर त्यांची पदे निर्माण केली. तोच मार्ग समुपदेशकांसाठी मोकळा आहे. केंद्रामागे एक समुपदेशक दरमहा ३५ हजार रुपये मानधनावर नेमला, तर वर्षाचा खर्च सुमारे २०४ कोटी येतो. प्रशिक्षित पदवीधर माध्यमिक शिक्षकाइतके नियमित वेतन द्यायचे ठरवले, म्हणजे भत्त्यांसह महिना ६५ हजार धरले, तर तो सुमारे ३८० कोटींवर जातो. राज्याच्या शिक्षणावरील एकूण खर्चाच्या मानाने या दोन्ही रकमा लहान आहेत. दिल्ली सरकारच्या शिक्षण संचालनालयात शैक्षणिक व व्यवसाय मार्गदर्शन समुपदेशकाचे स्वतंत्र पद आहे, आणि केरळमध्ये महिला व बालविकास खाते शाळांत समुपदेशक नेमते. त्यामुळे असे काही देशात कुठे नाही, ही सबबही पुढे करता येणार नाही.

प्रस्ताव पाठवताना एक काळजी घ्यावी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ आणि त्यांपैकी महाराष्ट्रात, सर्व राज्यांत सर्वाधिक, १,७६४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. हा आकडा जरूर द्यावा, पण सगळा भार त्यावर टाकू नये. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थीही आहेत, आणि आपल्या नववीतल्या मुलीसारखी मुले त्या आकड्यात कधीच दिसत नाहीत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. आपल्या पटावर त्या वयाची साडेतीनशे मुले धरली, तर ती पंचविसाच्या आसपास होतात. शिक्षणाधिकाऱ्यांना हा हिशेब अधिक लवकर पटेल.

---

ग्रामीण_पालक यांचे उत्तर

वरील दोन्ही लेखन वाचले. हेतूबद्दल शंका नाही, पण एक अडचणीचा प्रश्न विचारणे भाग आहे. आमच्या भागातील जिल्हा परिषद शाळेत सात वर्गांना तीन शिक्षक आहेत. गणिताचा शिक्षक निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी जागा रिकामी आहे. शिपायाचे पद गेले आणि शाळेच्या वर्गखोल्या मुलेच झाडतात. अशा परिस्थितीत २०० किंवा ३८० कोटी उपलब्ध असतील, तर ते आधी शिक्षक भरण्यासाठी का वापरू नयेत? वर्गात शिकवायला माणूस असेल, तर मुलांवरचा निम्मा ताण तिथेच कमी होईल. शिवाय आयुष्मान भारत योजनेच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, एक पुरुष व एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद २०२० पासून आहेच, आणि भावनिक स्वास्थ्य हा त्यातला एक विषय आहे. तेच प्रशिक्षण नीट केले तर वेगळ्या पदाची गरज राहील काय?

---

शालेय_समुपदेशक यांचे उत्तर

ग्रामीण_पालक यांनी विचारलेला प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही, म्हणून प्रथम त्याचेच उत्तर देते.

शिक्षकांना प्रशिक्षण देऊन हे काम होईल काय, याची तपासणी आपल्याच देशात, आपल्यापेक्षा गरीब राज्यात झालेली आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शासकीय माध्यमिक शाळांत 'सेहेर' नावाचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काही शाळांत तो कार्यक्रम प्रशिक्षण दिलेल्या स्वतंत्र व्यक्तीने चालवला, काही शाळांत शाळेतल्याच शिक्षकाने चालवला, आणि उरलेल्या शाळांत नेहमीचे जीवनकौशल्य शिक्षण तेवढे चालू ठेवले. स्वतंत्र व्यक्ती असलेल्या शाळांत शाळेचे वातावरण स्पष्टपणे सुधारले, मुलांमधील नैराश्याची लक्षणे आणि दादागिरीचे प्रकार कमी झाले. शिक्षकाने चालवलेल्या शाळांत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मला यातली सर्वांत महत्त्वाची बाब ही वाटते की त्या स्वतंत्र व्यक्ती कोणी मोठ्या पदव्यांचे तज्ज्ञ नव्हते. तुलनेने अल्प प्रशिक्षण घेतलेले साधे कार्यकर्ते होते. जे काम एरवी शिक्षकाच्या इतर कामांखाली दबून जाते, त्यासाठी त्यांच्याकडे वेळ होता आणि तेच त्यांचे एकमेव काम होते.

शिक्षक कमी पडतात असे मी अजिबात म्हणत नाही. मुलाच्या वागण्यातला बदल सर्वांत आधी शिक्षकाच्याच लक्षात येतो. पण जी व्यक्ती सकाळी प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिते, तिच्यासमोर दुपारी त्याच मुलाने घरच्या भांडणाबद्दल बोलावे, ही अपेक्षा अवघड आहे. मुलांना ते लगेच कळते. रिकाम्या शिक्षकपदांबाबत आपण म्हणता ते शंभर टक्के खरे आहे. परंतु ती पदे मंजूर आहेत, त्यांच्या वेतनाची तरतूद नियमात आहे, भरती रखडली आहे. समुपदेशकाचे पद तर जन्मालाच आलेले नाही. एकाची भरती होत नाही म्हणून दुसऱ्याची निर्मितीच करू नये, असे ठरले तर दोन्हीकडे मुलांचेच नुकसान आहे.

आता मूळ प्रश्नकर्त्यांसाठी. मी मानसशास्त्रात एम.ए. आणि त्यानंतर शालेय समुपदेशनाची पदविका केली असून, एका प्रकल्पाखाली काही वर्षे शाळांमध्ये कंत्राटी काम केले आहे. पद मिळाल्यानंतर काय काय मागून घ्यावे लागते, ते सांगणे मला गरजेचे वाटते, कारण शासन निर्णयात ते नसेल तर नेमणूक होऊनही काम होत नाही.

पहिली गरज म्हणजे दार बंद होणारी खोली. मला एका शाळेत कार्यालयाच्या मागे प्लायवूडचा अर्धा आडोसा करून जागा दिली होती. पलीकडे लिपिक बोनाफाईड दाखले देत बसत आणि दाखला घ्यायला आलेल्या पालकांची रांग त्या आडोशाला टेकून उभी राहत असे. आठवीतला एक मुलगा माझ्यासमोर बसला, आणि सबंध तासिका त्याने फक्त माझ्या टेबलावरचा पंच उघड-मिट केला. तो बोलला नाही, कारण त्याच्या शेजारच्या काकू त्या रांगेत उभ्या होत्या. नंतर मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेशेजारची साहित्याची खोली रिकामी करून दिली, आणि त्याच आठवड्यात तो मुलगा आपण होऊन आला. जी खोली द्यायला एक पैसाही लागला नाही, ती मिळेपर्यंत एका प्रकल्पाचे कितीतरी मानधन वाया गेले होते.

दुसरी गोष्ट कामाच्या व्याख्येची. पदाच्या आदेशात कर्तव्यसूची नसेल तर समुपदेशकाला रजेवरच्या शिक्षकाचे तास, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणे आणि निवडणुकीचे काम हे सगळे मिळते. एका कंत्राटी व्यक्तीने त्याला नकार देणे व्यवहारात शक्य नसते. शिवाय गोपनीयतेबद्दल लेखी धोरण हवे. मुलाने सांगितलेले पालकांना आणि शिक्षकांना किती सांगायचे, त्याच्या नोंदी कुलूपबंद कोण ठेवणार, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक असल्याने तिथे गोपनीयतेची मर्यादा कशी संपते, हे शाळेने आधीच ठरवलेले असावे आणि मुलांनाही पहिल्याच भेटीत सांगितलेले असावे.

तिसरा मुद्दा पुढच्या साखळीचा आहे. समुपदेशक औषध देत नाही आणि प्रत्येक मुलाचा प्रश्न शाळेत सुटत नाही. पुढे पाठवायचे तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, किशोरवयीन मुलांसाठीचे मैत्री क्लिनिक कुठे आहे, हे हाताशी असावे लागते, आणि त्यापलीकडे त्या लोकांशी समुपदेशकाची ओळख असावी लागते. तोंडओळख नसलेल्या चिठ्ठीवर ग्रामीण पालक मुलीला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जात नाहीत. 'लग्न जमणार नाही' ही भीती फार खोल असते. माझ्या अनुभवात, समुपदेशकाने एकदा स्वतः सोबत जाऊन यावे, हाच उपाय चालतो. म्हणून पदाला प्रवासभत्ता हवा.

केंद्रामागे एक पद, या वरच्या सूचनेशी मी सहमत आहे, पण एका अटीवर. गोव्यात गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत शाळांसाठी समुपदेशक नेमले जातात, आणि तिथेही शाळा वाटून घेण्याची पद्धत आहे. वाटणी केली की वारांचे वेळापत्रक ठरलेले असावे आणि ते मोडू नये. मुलाला गुरुवारी बाई येणार हे माहीत असेल, तर ते गुरुवारपर्यंत तग धरते. एका व्यक्तीकडे दहा-बारा शाळा दिल्या, तर ती फिरती तपासणी होईल, समुपदेशन होणार नाही. मोठ्या पटाच्या शाळेत आठवड्यातून किमान दोन पूर्ण दिवस मिळावेत, असा आग्रह प्रस्तावात धरावा.

---

एडिसनकर यांचे उत्तर

मी न्यू जर्सीत राहतो आणि माझी दोन्ही मुले इथल्या सरकारी शाळेत शिकली आहेत. इथली रचना वेगळी असली तरी निधीबाबतचा एक अनुभव या चर्चेला उपयोगी पडावा, म्हणून लिहितो.

अमेरिकेत शालेय समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक अशी आहे, आणि देशाची सरासरी अजूनही त्या शिफारशीपर्यंत पोहोचलेली नाही. माझ्या मुलांच्या शाळेतील समुपदेशक हे स्थानिक शाळा मंडळाचे नियमित कर्मचारी होते आणि त्यांचे वेतन मंडळाच्या वार्षिक अंदाजपत्रकातून, म्हणजे बहुतांशी आम्ही भरतो त्या मालमत्ता करातून, निघत होते. श्रीमंत गावांना हे परवडते. गरीब गावांत आणि ग्रामीण भागात परवडत नाही, म्हणून केंद्र सरकारची मदत लागते.

२०२२ च्या मे महिन्यात टेक्सासमधील युवाल्डी येथील शाळेत गोळीबार झाला. त्यानंतर महिनाभरात संमत झालेल्या कायद्यात शाळांमध्ये मानसिक आरोग्य व्यावसायिक नेमण्यासाठी आणि नवे व्यावसायिक घडवण्यासाठी पाच वर्षांकरिता एक अब्ज डॉलर ठेवण्यात आले. अनेक जिल्ह्यांनी त्या अनुदानावर माणसे नेमली, विद्यापीठांनी शिष्यवृत्त्या दिल्या. एप्रिल २०२५ मध्ये नव्या प्रशासनाच्या शिक्षण खात्याने, ही अनुदाने आपल्या धोरणाशी जुळत नाहीत, असे सांगून ती पुढे चालू ठेवणार नसल्याचे कळवले. अनेक राज्ये न्यायालयात गेली. शाळांना मात्र न्यायालयाच्या निकालाची वाट पाहत अंदाजपत्रक थांबवता येत नाही. ज्या मंडळांनी दरम्यान ती पदे आपल्या नियमित अंदाजपत्रकात घेतली होती, तिथले लोक टिकण्याची शक्यता अधिक. ज्यांनी फक्त अनुदानावर भिस्त ठेवली, त्यांच्यापुढे पहिला प्रश्न नोकरकपातीचा.

म्हणून निवृत्त_लेखाधिकारी यांचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. इतका पैसा असलेल्या देशातही योजनेच्या निधीवरचे पद योजनेपुरतेच असते.

केंद्र पातळीच्या रचनेबद्दलही थोडे सांगतो. न्यू जर्सी राज्याने २०२३ मध्ये १५ विभागीय केंद्रे करून त्यांच्यामार्फत शाळांना सेवा पुरवण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्यापूर्वीपासून काही मोजक्या शाळांच्या आतच युवक सेवा केंद्रे चालत होती. ती बंद करून सगळा पैसा विभागीय केंद्रांकडे वळवण्याचा विचार पुढे आला, तेव्हा पालक आणि विद्यार्थ्यांनी जोरदार विरोध केला आणि शाळेतली केंद्रे वाचवली. केंद्रावरचा माणूस अधिक शाळांपर्यंत पोहोचतो; शाळेतल्या माणसाकडे मूल न बोलावता जाते. आपल्याकडे सुरुवात केंद्रापासून करावी लागेल हे समजण्यासारखे आहे, परंतु मोठ्या शाळांना पुढे स्वतःचे पद मिळेल, अशी तरतूद पहिल्याच प्रस्तावात लिहून ठेवावी.

---

माध्यमिक_शिक्षिका यांचे उत्तर

मी वर्गशिक्षिका म्हणून फक्त एवढेच जोडते. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या काळात राज्य मंडळ समुपदेशकांचे दूरध्वनी क्रमांक जाहीर करते, ते आम्ही सूचनाफलकावर लावतो. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची, १४४१६ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवाही आहे. ती चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. न्यायालयाच्या निर्देशांनुसार हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावायचा आहे, त्यासाठी कोणत्याही मंजुरीची वाट पाहू नये, आजच लावावा. पण माझ्या वर्गातील बऱ्याच मुलींच्या हातात स्वतःचा फोन नाही. घरातल्या फोनवरून, घरातल्या सगळ्यांसमोर, घराविषयी बोलायचे कसे, हा त्यांचा प्रश्न आहे. दूरध्वनी सेवा आहे म्हणून शाळेत माणूस नको, असा युक्तिवाद कोणी केला, तर त्याला हे उत्तर द्यावे.

---

पालकसंघ_उपाध्यक्ष

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ग्रामीण_पालक यांच्या प्रश्नामुळे चर्चा नेमकी झाली, त्यांचेही आभार.

संघाच्या कार्यकारिणीत या मुद्द्यांवर बोलणे झाले. देणगीदार शोधण्याचा विचार आम्ही बाजूला ठेवला आहे. आमच्या केंद्रातील अन्य शाळांच्या व्यवस्थापन समित्यांचे आणि पालक-शिक्षक संघांचे ठराव एकत्र करून केंद्र पातळीवरील पदाची मागणी करायची, त्यात वारांचे वेळापत्रक, कर्तव्यसूची, स्वतंत्र खोली व प्रवासभत्ता यांचा उल्लेख करायचा, आणि पाचशेहून अधिक पटाच्या शाळांना पुढील टप्प्यात स्वतंत्र पद मिळावे असे नमूद करायचे, असे ठरले. खोलीची जबाबदारी शाळांनी आपल्याकडे घ्यावी, असेही सुचले आहे. आमच्या मुख्याध्यापकांनी जुनी भूगोल दालनाची खोली देण्यास संमती दिली आहे. मुलीच्या आई-वडिलांनाही जिल्हा रुग्णालयातील विभागाची माहिती दिली असून, वर्गशिक्षिका त्यांच्यासोबत जाणार आहेत.

एक शंका उरते. न्यायालयाच्या निर्देशांत पदाचा खर्च कोणी सोसावा हे सांगितलेले नाही. मग शासनाने ही जबाबदारी संस्थेवर ढकलली, तर आम्ही कोणत्या आधारावर ती शासनाची आहे असे म्हणावे?

---

निवृत्त_लेखाधिकारी

दोन आधार आहेत. अनुदानित शाळेतील शिक्षकाचे वेतन शासन देते, कारण ती शाळा शासनाचेच काम करते असे गृहीत आहे. तेथे अनिवार्य ठरलेले पद त्याच तत्त्वाने अनुदानास पात्र ठरावे, असे म्हणता येते. दुसरा आधार २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचा. त्याच्या कलम १८ नुसार शासनाने चालवलेल्या किंवा शासकीय निधीवर चाललेल्या सेवांमधून मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि कलम २९ नुसार मानसिक आरोग्य संवर्धनाचे व प्रतिबंधाचे कार्यक्रम आखणे व राबवणे हे शासनाचे कर्तव्य आहे. प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात ही दोन्ही कलमे आणि न्यायालयाच्या निर्देशाचा दिनांक घालावा.

प्रस्ताव शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्या नावे द्यावा. केंद्रातील जिल्हा परिषद शाळांचे ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे जातील. प्रती विभागीय शिक्षण उपसंचालक, शिक्षण आयुक्त आणि जिल्हाधिकारी यांना द्याव्यात, कारण या निर्देशांवर देखरेखीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी, असे त्याच निकालात म्हटले आहे. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये. अर्थसंकल्पाच्या मागण्या खात्याकडून शरद ऋतूतच वर जाऊ लागतात, म्हणून ठराव गोळा करण्याचे काम दिवाळीच्या सुट्टीनंतर ढकलू नये. साठ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर माहिती अधिकारात प्रस्तावावरील कार्यवाहीची टिपणी मागवावी. ती हाती आली की इथे जरूर लिहा; पुढचा मसुदा करण्यास मी मदत करीन.